हरकतदाराने जागेवर हजर राहावे

३ मार्च

भुंग्या,

‘चिरंजीव’ वगैरे लिहिणार होते, पण नऊ वर्षं ज्याने एक ओळ पाठवली नाही त्याला कसला आलाय चिरंजीव! तेव्हा नुसतं भुंग्या. लहानपणी कुठलंही काम करताना गुणगुणायचास म्हणून मीच ठेवलेलं नाव आहे, ते वापरायला मला कुणाची परवानगी लागत नाही. बाकी सगळ्याला लागते, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

तुझी हरकत पोचली. मला नव्हे, नगरपालिकेच्या उद्यान विभागाला. तिथल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग ती वाचून दाखवली. "सदर तुतीचे झाड तोडण्यास माझी तीव्र हरकत आहे." तीव्र! अरे वा रे वा. सख्ख्या बहिणीला साधं पोस्टकार्ड नाही आणि नगरपालिकेला रजिस्टर पत्र! मला तिथेच हसू फुटलं. मॅडमना वाटलं मला भोवळ आली.

आप्पा गेले तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं? पाहुण्यांच्या देखत म्हणालास, "हे घर विकून टाक, झाडासकट. या अंधारकोठडीत शिवत बसलीस तर डोळे जातील एक दिवस." आप्पांच्या दुकानाला अंधारकोठडी! ज्या दुकानावर तुझी फी भरली गेली! त्यावर मीही म्हणाले की पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. माझं सांगणं तू आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलंस.

तर मी झाड तोडायचा अर्ज केलाय, हे खरं. मला वाटलं होतं, आपलं अंगण, आपलं झाड, एक माणूस बोलवायचा आणि संपलं. छे! मॅडमनी मला सगळं समजावून सांगितलं. रस्त्यावरच्या झाडाला तर नगरपालिकेशिवाय कुणी हातही लावायचा नाही. पण स्वतःच्या कुंपणातलं झाड असलं तरी अर्ज करायचा, कारण लिहायचं, जे जे मालक असतील त्या सगळ्यांना नोटीस जाणार. घराच्या कागदावर तुझंही नाव आहे, म्हणून तुला गेली. शिवाय आपल्या तुतीच्या अर्ध्या फांद्या भिंतीवरून रस्त्यावर गेल्यात. म्हणजे खोड आपलं आणि सावली सरकारी! मग एक नोटीस झाडाच्या बुंध्याला चिकटवायची, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही हरकत घेता यावी म्हणून. लग्न जुळवायलासुद्धा एवढ्या लोकांना विचारत नाहीत.

अर्जात झाडाचा घेर लिहायचा होता, छातीच्या उंचीवर मोजून. आप्पांचीच टेप घेऊन गेले. एक टोक सालीवर दाबून पलीकडे वळेपर्यंत ते घसरतं. दोनतीनदा फेऱ्या मारल्या, समोरच्या गॅरेजवाल्याने विचारलं, "ताई, प्रदक्षिणा का?" शेवटी रकाना रिकामा सोडला.

कारण काय लिहिलं तेही सांगते, नाहीतर तू काहीतरी भलतंच मनात आणशील. झाडामुळे दुकानात उजेड येत नाही. भर दुपारी सुई ओवता येत नाही इतका काळोख. बस्स. एवढंच कारण आहे.

आता कामाचं. हरकत आली की सुनावणी होते आणि ती जागेवर, झाडाखाली होते. १८ एप्रिल, सकाळी. हरकत घेणाऱ्याने स्वतः हजर राहायचं, नाही आला तर हरकत रद्द आणि झाड तोडायला मोकळं. तू काही येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तसं मॅडमना सांगूनही आलेय.

तुझ्या बायकोला माझा निरोप सांग. भांडण तुझ्याशी आहे, तिच्याशी नाही.

ताई


१६ मार्च

भुंग्या,

तुझं उत्तर नाही, आणि मी वाट पाहत नव्हते. पण आज उद्यान विभागात पुन्हा बोलावणं आलं आणि जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मॅडमनी माझा अर्ज आणि तुझी हरकत शेजारी-शेजारी ठेवली. म्हणाल्या, "मावशी, झाड जुनं असलं की प्रकरण वरच्या समितीकडे जातं, म्हणून वय बघावं लागतं. तुम्ही लिहिलंय, झाडाचं वय माझ्याएवढं. तुमच्या भावाने लिहिलंय, हे झाड माझ्या जन्माच्या दिवशी वडिलांनी लावलं. आता तुम्ही जुळे असाल तर ठीक आहे." मी म्हटलं, जुळे? तो सहा वर्षांनी धाकटा आहे हो!

खरं सांग, तुला कुणी सांगितलं ते? आप्पांनीच ना?

मला आप्पांनी सांगितलं होतं की मी जन्मले त्या दिवशी त्यांनी हे रोप लावलं. दरवर्षी माझ्या वाढदिवसाला फ्रॉकचं माप घ्यायचे आणि मग मला अंगणात नेऊन झाडाचं. मी टोक धरायचे, ते वळसा घालून यायचे. "बोटभर वाढली गं ही. पुढच्या वर्षी हिला मोठा फ्रॉक लागणार." आणि मग कानात सांगायचे, "ही तुझी जुळी आहे. भुंग्याला सांगू नकोस हं, त्याला वाईट वाटेल." आणि मी वेडी, आजतागायत सांगितलं नाही! तू त्या झाडावर चढायचास, फांद्या हलवायचास, तेव्हा मी मनात म्हणायचे, चढ बाबा, आहे माझं तरी चढ.

आणि तुला काय सांगितलं असेल ते मी इथे बसून डोळ्यांसमोर आणू शकते. "हा तुझा जुळा आहे. ताईला सांगू नकोस हं, ती फणकारेल." असंच ना? हा माणूस शिंपी होता का कोण होता! एकाच कापडात दोघांचे कपडे बेतून मोकळा झाला.

मी मॅडमना म्हटलं, माझंच वय लिहा, मी मोठी आहे. त्या म्हणाल्या, "आपण सुनावणीच्या दिवशी झाडालाच विचारू."

तुती यंदा लवकर धरलीय. खालच्या फांद्या आत्ताच लालसर झाल्यात. शाळेच्या गणवेशाचे पांढरे शर्ट इस्त्री करून टांगलेले असताना तू तुती खाऊन त्यांना हात पुसले होतेस, त्याची आठवण झाली. आप्पांनी सगळे शर्ट पुन्हा शिवले आणि तू मार चुकवायला झाडावर जाऊन बसलास. आई खालून म्हणत होती, "उतर, मारत नाही," आणि तू वरून म्हणत होतास, "आधी ताईला लांब पाठव." सगळ्यात जास्त तुला माझीच भीती. ते बरं होतं.

ताई


३० मार्च

भुंग्या,

आलं तुझं पत्र. चार ओळी! आणि त्या चारांतली एक कशाबद्दल, तर माझ्या अक्षराबद्दल. "तुझं अक्षर असं का झालं? ओळी एकमेकींवर चढल्यात." नऊ वर्षांनी लिहितोस आणि अक्षर तपासतोस? घरातली हेडमास्तरीण मी होते, तू कधीपासून झालास? दिवे गेले होते, मेणबत्तीवर लिहिलं. झालं समाधान?

बाकी तुझी दुसरी ओळ वाचून मी एकटीच कितीतरी वेळ हसत होते. "‘ही’ नव्हे, ‘हा’. मला आप्पा म्हणायचे, याला पुढच्या वर्षी फुल पँट." अगदी आप्पा! झाडाला पँट!

नोटीस लागली. शिपायाने खळ लावून चिकटवली. मी म्हटलं, खिळा ठोका, टिकेल, तर तो दचकला. झाडाला खिळा मारणं गुन्हा आहे म्हणे. मग त्याची नजर आपल्या खिळ्यावर गेली. आठवतो? आप्पांनी बुंध्याला आरसा टांगायला ठोकलेला. घातलेले कपडे कसे बसतात ते गिऱ्हाईकं बाहेर उजेडात येऊन त्यात बघायची. आता साल त्याच्यावर चढलीय, फक्त टोपी दिसते. शिपाई म्हणाला, "हा कुणी मारला? त्यांच्यावर नोटीस काढावी लागेल." मी म्हटलं, काढा, पण पत्ता तुम्हीच शोधा. बिचारा कानाला हात लावून गेला.

त्या आरशात तुझी पहिली फुल पँट बघितली होतीस. मागून कशी दिसते ते बघायला मान इतकी वळवलीस की लचकली. आई तीन दिवस शेकत होती. मला त्या दिवसाचं ऊन अजून आठवतं, पानांतून गळून आपल्या सगळ्यांच्या अंगावर ठिपके ठिपके पडलेले. आप्पा दारात टेप गळ्यात घालून उभे, तोंडात टाचण्या, म्हणून हसता येत नव्हतं. मला तेवढं सगळं परत हवंय, भुंग्या. म्हातारी झालेय म्हणून असेल, पण हवंय.

आणि तरी मी झाड तोडतेय. तुला ते कळत नाहीये, हे तुझ्या चार ओळींत न लिहिलेलं मला दिसलं. पण मला काम करावं लागतं रे. परवा एका मुलीच्या काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने टीप घातली. तिच्या आईने कोट परत आणला. काही बोलली नाही, नुसता टेबलावर ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं. आप्पांच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. त्या काळोखात काळा काय आणि निळा काय! झाड गेलं की उजेड येईल, मग सगळं ठीक होईल.

येतोस की नाही ते कळव. म्हणजे मॅडमना किती खुर्च्या टाकायच्या ते सांगता येईल, बाकी मला काही नाही.

ताई


१० एप्रिल

"येतो" एवढा एकच शब्द लिहायला आंतरदेशीय पत्र कशाला वाया घालवलंस? उधळ्या तो उधळ्याच.

वरची खोली झाडून ठेवलीय. खिडकी उघडू नकोस, फांदी आत आलीय. जिन्याची मधली पायरी अजून वाजते, लपूनछपून यायचा विचार असेल तर सोडून दे. चहात साखर किती ते आता मला माहीत नाही, ते आल्यावर सांग.

मी बोलले नाही तर समजून घे. सवय गेलीय.

ताई


२७ एप्रिल

भुंग्या,

पोचल्याचं कळलं. तू सगळं डोळ्यांनी बघितलंस, तरी मी लिहितेय, कारण तू होतास तोवर माझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही. साखर किती, पंखा लावू का, उशी हवी का, यातच चार दिवस गेले.

त्या सकाळी मॅडमनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही वळसा घाला." तू पलीकडे गेलास, बुंध्याआड दिसेनासा झालास आणि दुसऱ्या बाजूने टेप घेऊन आलास. केस पिकलेले, टेप हातात. एक क्षण मला वाटलं आप्पाच आले. तू म्हणालास, "बोटभर वाढलाय गं." तुला माहीत नसेल, मी तेव्हा बारीक तोंड करून मॅडमच्या कागदात का बघत होते ते.

आणि मग मॅडमनी घेर बघून, खोडाच्या ढोल्या बघून सांगितलं, "हे झाड तुमच्या दोघांच्याही आधीचं आहे. तुमचे वडील इथे आले तेव्हाही ते उभं असणार." तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. तू म्हणालास, "म्हणजे आप्पांनी तुलाही..." आणि मी म्हटलं, "तुलाही!" काय हसलो आपण! मॅडम बिचाऱ्या शाईपेन उघडं धरून थांबल्या. हसता हसता माझं रडू कधी झालं ते मला कळलं नाही. मला आप्पांचा राग नाही आला. घर, दुकान, शिक्षण, सगळं त्यांना तुझ्या-माझ्यात वाटावंच लागलं. झाड तेवढं त्यांनी दोघांनाही अख्खं दिलं.

इथवर मी खूष होते. मग मॅडम म्हणाल्या, "आता कारण बघू. काळोख."

त्या दुकानात आल्या तेव्हाच मला घाम फुटला. तुला वाटलं असेल उन्हाने. त्या माझ्या मशीनपाशी आप्पांच्या स्टुलावर बसल्या, उशीतून सुई घेतली, रिळाचा दोरा घेतला आणि पहिल्या फटक्यात ओवला. "मावशी, इथे तर लख्ख उजेड आहे." त्या साधेपणाने बोलल्या, मला खोटं पाडायला नाही. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, आज ऊन जास्त आहे. त्यांनी रीळ पुढे केलं, "हा कुठला रंग?" मी म्हटलं, काळा. तो निळा होता.

भुंग्या, मला त्या वेळी झाडाची, नगरपालिकेची, कुणाची भीती नव्हती. मला तुझी भीती वाटत होती. आता हा म्हणणार, बघ, मी सांगितलं होतं, डोळे जातील. नऊ वर्षं मी त्या एका वाक्याशी भांडत होते रे. म्हणून डॉक्टरकडे गेले नाही. म्हणून झाडावर ढकललं. झाडाला तोंड असतं तर त्यानेही हरकत घेतली असती.

तू ते म्हणाला नाहीस. मॅडम गेल्यावर तू त्या स्टुलावर बसलास, सुयांची उशी मांडीवर घेतलीस आणि एकेक सुई ओवायला लागलास. काळ्या दोऱ्याच्या एका बाजूला, पांढऱ्या मधे, निळ्या दुसऱ्या बाजूला. आप्पांना ओवून द्यायचास तसंच, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून. आणि गुणगुणत होतास. तुला कळलंसुद्धा नसेल. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायचाच विसरले, तशीच उभी राहून ऐकत होते.

तू गेलास त्या दिवशी अंगणभर तुती पडल्या होत्या. तुझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर डाग होता. मी मुद्दाम सांगितलं नाही. तुझ्या बायकोला म्हणावं, जात नाही तो, घासू नकोस.

ताई


२१ मे

भुंग्या,

वरच्या समितीचा निकाल आला. "अर्जदाराने नमूद केलेले कारण जागेवर आढळून आले नाही. सबब वृक्ष तोडण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे." बरोबर तुझ्या नावापुढे लिहिलंय, "हरकत मान्य." फ्रेम करून लाव. माझ्याविरुद्ध जिंकलेलं तुझं हे पहिलंच प्रकरण आहे.

वरच्या खोलीत घुसलेली फांदी छाटायला मात्र परवानगी मिळाली. माणसं येऊन रीतसर कापून गेली. आता ती खिडकी उघडते. तुझ्या पलंगावर सकाळचं ऊन येतं म्हणे. म्हणे कशाला, येतंच, हाताला लागतं मला.

डॉक्टरकडे जाऊन आले. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, झाडाशी भांडत होते. ते हसले नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस घरात कुणीतरी हवं, औषधाचे थेंब घालायला. "आहे का कुणी?" असं विचारलं त्यांनी. मी सांगून टाकलं, भाऊ येतोय. तुला विचारलं नाही. हरकत असेल तर आता इथल्या पत्त्यावर पाठव, आणि लक्षात ठेव, हरकत घेणाऱ्याला जागेवर हजर राहावं लागतं.

त्या कोटवाल्या बाईंना बोलावून टीप उसवून काळ्या दोऱ्याने घालून दिली. दोरा काळाच होता, उशीच्या काळ्या बाजूचाच घेतला. तू ओवलेल्या सुया पुरवून पुरवून वापरतेय. गिऱ्हाईकांना सांगते, दुकान अर्धा दिवस चालू. आता उशीत एक काळी, एक पांढरी आणि एक निळी एवढ्याच राहिल्यात.

त्या मी वापरत नाहीये. बोट फिरवून बघते फक्त, दोरा आहे ना अजून.

तुझी ताई